हसायचं कुणाला : भुताला की घाबरणाऱ्याला?

ऐरोलीच्या एका गृहस्थांनी विचारलंय, ते थोडक्यात असं : "मी पक्का भयपटवाला. रात्री दिवे मालवून एकट्याने पाहणारा. गेल्या काही वर्षांत हिंदीत जिकडेतिकडे हॉरर कॉमेडीच दिसते. मित्र कधी सीवूड्सला, कधी ठाण्याला ओढून नेतात. अख्खं थिएटर खिदळतं आणि मी कोरडा. धड घाबरत नाही, धड हसत नाही. हा प्रकार माझ्यासाठी नाहीच का? असेल, तर काय पाहू? आणि बायकोला यायची हौस आहे, पण ती भयंकर घाबरट आहे. तिला नेऊ का?"

तिसरा प्रश्न सगळ्यांत सोपा, तो शेवटी घेते. मी ठाण्यात राहते आणि माझं पोट साउंड एडिटिंगवर चालतं. पडद्यावर दिसण्याआधी भूत माझ्यासारख्यांच्या खोलीत सुटे भाग होऊन पडलेलं असतं : एका ट्रॅकवर पैंजण, एकावर श्वास, एकावर दाराची कुरकुर. त्यामुळे माझं उत्तर डोळ्यांपेक्षा कानांच्या बाजूने जास्त येईल.

तुम्ही कोरडे राहता त्याचं अर्धं कारण त्या चित्रपटांत आहे, अर्धं तुमच्या मापात. तुम्ही 'किती घाबरलो' हे एकच माप घेऊन बसता. हॉरर कॉमेडीत पहिला प्रश्न वेगळा विचारायचा : इथे विनोद नेमका कुणावर चाललाय? भुतावर की भुताला घाबरणाऱ्या माणसांवर? माझ्या मते या प्रकारातला बराचसा बरावाईटपणा एवढ्यावरच ठरतो. भूत आपल्या कामाशी प्रामाणिक हवं. त्याला काहीतरी हवं असतं, त्याचे काही नियम असतात आणि ते तो पाळतो. सगळा वेडेपणा माणसांनी करायचा. भूतच विदूषक झालं की पडद्यावर धोका राहत नाही, आणि धोका गेला की त्याला टाळण्यासाठी चाललेली माणसांची धडपडही विनोदी राहत नाही.

हे मी नवीन सांगत नाही. जुन्या रसशास्त्राने हास्य आणि भयानक हे एकमेकांचे वैरी रस मानले. पण नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त एक पळवाट दिलेली आहे : विरोधी रस एकाच पात्राच्या ठायी ठेवू नका, त्यांचे आश्रय वेगळे करा, मग ते एकत्र नांदतात. तो बोलत होता काव्याबद्दल, पण लेखकांच्या खोलीत भिंतीवर चिकटवावं असं वाक्य आहे.

आता 'स्त्री' घ्या. 2018, दिग्दर्शक अमर कौशिक, गाव मध्य प्रदेशातलं चंदेरी. चेटकीण रात्री हाक मारते, जो मागे वळून बघेल तो पुरुष गायब, मागे फक्त कपडे. मूळ दंतकथा कर्नाटकातली 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये'. घराच्या भिंतीवर हे लिहून ठेवलं की ती वाचते आणि निमूट परत जाते. यात चेटकिणीची टिंगल कुठेच नाही. ती वाचते, पाळते, जाते, म्हणजे गावातल्या पुरुषांपेक्षा शिस्तीची. विनोद आहे तो पुरुषांवर : रात्री एकटं बाहेर पडू नका, लवकर घरी या, असं बायका नवऱ्यांना बजावतात आणि मिशीवाले बाप्ये मान डोलावतात. भीती खरी असल्यामुळेच ते मान डोलावणं विनोदी होतं. पुढच्या वेळी हा चित्रपट लावाल तेव्हा एवढंच बघा : ती पडद्यावर असते तेव्हा कोण काय करतं? कुणीही तिला टपली मारून जात नाही.

याच कसोटीवर 'स्त्री 2' लावून बघा. 2024 च्या 15 ऑगस्टला आला आणि हिंदीत बनलेल्या चित्रपटांत त्या वर्षी सगळ्यांत जास्त कमाई त्याची. सरकटा, म्हणजे मुंडकं धडावेगळं असलेला राक्षस, पूर्वार्धात छान उभा राहतो. आपल्या मनाने चालणाऱ्या बायका तो उचलून नेतो, म्हणजे त्याला काय हवंय ते स्पष्ट आहे. त्याच्या धडासाठी जम्मू-काश्मीर पोलिसांतला, साडेसात फुटांहून उंच असा सुनील कुमार हा माणूस घेतला होता. त्या उंचीमुळे चौकटीत जी घुसमट येते ती फक्त संगणकावर येत नाही. पण शेवटाकडे सगळं सुपरहिरोंच्या मारामारीत जातं, 'भेडिया' या दुसऱ्या चित्रपटातला लांडगा मदतीला येतो, आणि तुमच्यासारखा माणूस घड्याळ बघू लागतो. मीही बघितलं. यात तुमचं काही चुकत नाही. नियम असलेलं भूत आणि ताकद मोजता येणारा खलनायक या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याला हरवता येतं म्हणून त्याची भीती वाटत नाही.

आता माझ्या कामाची गोष्ट, कारण हसणं आणि दचकणं इथेच सर्वांत जवळ येतं. गावातली रात्र आहे असं समजा. आम्ही थर रचतो : रातकिडे, लांबचं कुत्रं, पत्र्यावर घासणारी फांदी, आतल्या खोलीतला पंखा. दचकवायची जागा जवळ आली की हे थर काढायला लागतो. रातकिडे पट्कन बंद केले तर प्रेक्षक सावध होतो, म्हणून ते इतके हळूहळू उतरवायचे की कुणाला कळू नये. कळत नाही, पण शेजारचा माणूस पॉपकॉर्न चावायचा थांबतो. तुम्ही थिएटरात असाल तर पडद्याऐवजी त्याच्याकडे बघा. मग मोठा आवाज येतो आणि निघते मांजर. या फसव्या दचक्याला आमच्या धंद्यात 'ल्यूटन बस' म्हणतात. व्हॅल ल्यूटन या निर्मात्याच्या 1942 च्या 'कॅट पीपल'मध्ये एकट्या जाणाऱ्या बाईचा कुणीतरी पाठलाग करतंय असं वाटत असताना फिस्सकन आवाज येतो, आणि ती निघते साधी बस. तेव्हा थिएटरात जो सुस्कारा आणि जे हसू फुटतं, तेच हॉरर कॉमेडीचं बी. म्हणजे विनोद भयपटात बाहेरून आणून घातलेला नाही, तो दचकण्याच्या पोटातच होता.

हसण्याची मात्र एक अडचण आहे, दचकण्याला ती नसते. हशा पुढचं वाक्य खातो. गडकरी रंगायतनला नट हशा ओसरेपर्यंत थांबतो, हातातला कप उगाच खाली ठेवतो, मग पुढचं बोलतो. चित्रपटात थांबायचं किती हे एडिटरला महिनोन्महिने आधी, बंद खोलीत, एकही प्रेक्षक नसताना ठरवावं लागतं. म्हणून विनोदानंतर एखादा नुसता चेहरा किंवा गेलं तरी चालेल असं वाक्य ठेवतात. भरलेल्या थिएटरात ती जागा हशाने भरते. तुम्ही तोच चित्रपट घरी एकटे बघता तेव्हा तिथे पोकळी ऐकू येते, आणि 'काय संथ आहे' असं वाटतं. घरी बघताना येणाऱ्या कोरडेपणाचं गुपित इथे आहे, असा माझा कयास. भयपट एकट्याने बघायचा, हा नियम बरोबर. हॉरर कॉमेडीला मात्र शुक्रवार-शनिवारच्या रात्रीचा, कॉलेजची पोरं आलेला, भरलेला खेळ लागतो. तिसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या रिकाम्या खेळाला जाऊन 'हसू आलं नाही' म्हणायचं नाही.

कानाने पारखायची आणखी एक खूण देते. भूत पडद्यावर आलं की खाली कसलं संगीत वाजतंय ते ऐका. भूत उभं आहे आणि तरी टुणटुण-पुंगी वाजतेय, म्हणजे दिग्दर्शकाला स्वतःच्या भुताचा भरवसा नाही. चांगल्या चित्रपटात गमतीचं संगीत माणसांच्या वाट्याला येतं आणि भुताच्या वाट्याला एक तर शांतता किंवा छातीत घुमणारा खर्ज. ही कसोटी लावली की पहिल्या पंधरा मिनिटांत कळतं, पुढे काय वाढून ठेवलंय.

आपल्याकडचं सांगायचं तर 'मुंज्या'. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, 2024 चा जून. आपल्या लोकांना मुंजा समजवावा लागत नाही. मुंज झाली, सोडमुंज (मुंजीतलं ब्रह्मचर्यव्रत सोडायचा विधी) व्हायच्या आत पोर गेलं, की तो पिंपळावर बसतो, हे आजीच्या तोंडून ऐकलेलं असतं. चित्रपटात गोट्याला मुन्नीशी लग्न करायचंय, ती वयाने मोठी, घरचे ऐकत नाहीत, आणि मुंजीनंतर लगेच अघोरी विधीच्या नादात तो मरतो. म्हणजे भुताची इच्छा एका ओळीत सांगता येते : लग्न लावून द्या. हट्ट लहान मुलाचा आणि ताकद भुताची, म्हणूनच तो एकाच वेळी गोंडस आणि घाण वाटतो. आख्खा मुंज्या संगणकावर घडवलेला आहे. मला त्याच्या दिसण्यापेक्षा त्याचं खिदळणं जमलेलं वाटलं. खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यातून येतं ते, आणि कुठून आलं हे शोधायला मान वळते. ठाण्यात पाहिला तेव्हा मागच्या रांगेतल्या एक आजी शेजारच्या नातीला सोडमुंज म्हणजे काय ते खणखणीत आवाजात सांगत होत्या. कुणीही 'शूऽऽ' केलं नाही. उलट दोन रांगा ऐकत होत्या.

सरपोतदारांचाच मराठीतला 'झोंबिवली' 2022 च्या 26 जानेवारीला आला होता. ठाणे जिल्ह्यातल्या माणसाने तो चुकवू नये, नाव काढतानाच डोंबिवलीकरांची परवानगी घेतल्यासारखा आहे. अमेय वाघ, वैदेही परशुरामी, ललित प्रभाकर. एकीकडे नवाकोरा टॉवर, दुसरीकडे वस्ती, मधे पाण्याचा प्रश्न आणि त्यात झोंबी. झोंबीला पाय ओढत, एकमेकांना रेटत पुढे सरकायचं असतं. आपल्याला त्याचं विशेष वाटत नाही, सकाळची फास्ट लोकल आपण पाहिलेली असते. दर्जात हा चित्रपट खालीवर होतो, पण माणसांवर हसायचं कसं हे त्याला पक्कं माहीत आहे : झोंबी दाराशी आलेत आणि सोसायटीवाल्यांना काळजी वस्तीतल्या लोकांना गेटच्या आत घ्यायचं की नाही याची.

माझी पिढी या प्रकारात शिरली ती अर्थात 'झपाटलेला'मुळे. 1993, महेश कोठारे, रामदास पाध्यांचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज. तात्या विंचू हे माझ्या नियमाला अपवाद वाटेल, कारण तो स्वतःच हशा घेतो. नीट बघा. तो गुंड आहे, त्याला लक्ष्याचं शरीर हवंय, आणि त्या हेतूपासून तो एकदाही ढळत नाही. त्याच्या बोलण्याला हसलो तरी त्याच्या येण्याला आपण हसत नव्हतो. कपाटावर बाहुली ठेवू न देणारी मुलं त्या काळात घरोघरी होती. 2004 चा 'पछाडलेला' त्यामानाने मवाळ, पण तिथेही प्रभावळकर आहेतच. या माणसाने मराठी भुतांसाठी जे करून ठेवलंय त्यावर कुणीतरी निवांत लिहायला हवं.

ओटीटीवर पाहण्यातलं सरपोतदारांचंच 'ककुडा', 2024. दर मंगळवारी संध्याकाळी सव्वासातला गावातल्या प्रत्येक घराचं छोटं दार उघडं हवं. विसरलात तर घरातल्या पुरुषाला कुबड येतं आणि तेराव्या दिवशी तो मरतो. नियम असा काटेकोर असला की घड्याळाचा काटासुद्धा विनोद करू शकतो. चित्रपट उत्तरार्धात ढेपाळतो, तरी हे दार लक्षात राहतं. 2025 च्या दिवाळीतल्या 'थामा'बद्दल विचाराल तर वेताळांची कल्पना चांगली, पण 'स्त्री', 'मुंज्या' वगैरेंशी एकच विश्व जोडायची घाई भुताच्या मुळावर आली. 'भूलभुलैया'ची गोष्ट निराळी : 2007 चा पहिला भाग हा 1993 च्या मल्याळम 'मणिचित्रताळु'चा रिमेक, आणि त्यात भूत मनात होतं. पुढच्या भागांनी नाव ठेवलं आणि प्रकृती बदलली. मला पहिलाच पुरतो.

तुम्हाला, भयपटवाल्याला, माझी खरी शिफारस दक्षिणेकडची आहे. मल्याळम 'रोमांचम', 2023, जितू माधवन. 2007 सालचं बंगळुरू, एका भाड्याच्या घरात राहणारी पोरं, करमत नाही म्हणून कॅरम बोर्ड उलटा करून त्यावर ओइजा बोर्ड, म्हणजे आत्म्यांशी बोलायचा अक्षरांचा पट आखतात आणि अनामिका नावाच्या आत्म्याला बोलावतात. भूत जवळजवळ दिसतच नाही. ऐरोली-घणसोलीत आयटीतली पाच-सहा पोरं एकाच फ्लॅटमध्ये कशी राहतात हे तुम्ही पाहिलेलं असेलच : गॅस कुणी भरायचा, बाथरूममध्ये पहिला कोण. तोच संसार इथे आहे आणि त्यात एक अदृश्य भाडेकरू वाढलाय. सुशीन श्यामचं संगीत हेडफोन लावून ऐका. दुसरा, कन्नड 'सू फ्रॉम सो', 2025, लेखक-दिग्दर्शक जे. पी. तुमिनाड. किनाऱ्याकडच्या गावात एक तरुण लाजेची वेळ टाळायला अंगात आल्याचं सोंग करतो, आणि गाव ठरवून टाकतं की सोमेश्वरची सुलोचना नावाची बाई त्याच्या अंगात आलीय. भूत नाहीच, तरी गावाची भीती शंभर टक्के खरी. आनंदवर्धनाची पळवाट याहून शुद्ध रूपात मी अलीकडे पाहिलेली नाही. दोन्ही मूळ भाषेत बघा, सबटायटल लावून. डब केलेल्या आवृत्तीत शब्द पोचतात, पण वाक्याच्या मधला श्वास मारला जातो, आणि विनोद त्या श्वासात असतो.

परदेशातलं तुम्ही बरंच पाहिलेलं असेल, म्हणून दोनच. 1981 चा 'अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' : माणसाचा लांडगा होताना हाडं मोडण्याचे जे आवाज आहेत, त्यांत विनोदाला एक इंचही जागा दिलेली नाही, आणि म्हणून आसपासचा विनोद सहन होतो. मेकअपसाठी स्वतंत्र ऑस्कर सुरू झालं ते रिक बेकरला याच कामासाठी पहिल्यांदा मिळालं. आपला 'भेडिया' पाहिला असेल तर बाप कोण हे ओळखाल. दुसरा जपानी 'वन कट ऑफ द डेड', 2017. सुरुवातीची 37 मिनिटं एकाच सलग शॉटची, आणि ती तुम्हाला भिकार वाटतील. कॅमेरा घुटमळतो, नट अडखळतात, एका ठिकाणी तर सगळे उगाच उभे राहतात. बंद करू नका, फोन हातात घेऊ नका, आणि कुणाला पुढचं विचारूही नका.

घरी बघताना एक व्यवहाराची गोष्ट. टीव्हीचे चिमुकले स्पीकर खर्ज खातात, म्हणजे आम्ही भुताला दिलेला अर्धा जीव तिथेच जातो. शिवाय कुजबुज ऐकू येत नाही म्हणून तुम्ही आवाज वाढवता, मग दार आपटतं आणि खालच्या मजल्यावरून फोन येतो. रात्री हेडफोन लावा. ते जमणार नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाचे चढउतार सपाट करणारा नाईट मोड असतो. तो शेजाऱ्यांसाठी चांगला आणि भुतासाठी वाईट. निवड तुमची.

आता वहिनींचं. जरूर न्या. मुलं बरोबर असतील तर तिकिटाआधी प्रमाणपत्र बघा. 2024 च्या नव्या नियमांनंतर यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या वर्गामध्ये सात, तेरा आणि सोळा वर्षांच्या वेगळ्या पायऱ्या झाल्यात, आणि सात व सोळा यांत बरंच रक्त मावतं. वहिनींना कडेची, मागच्या बाजूची खुर्ची द्या, अगदी मधली नको. मधोमध बसलं की चारी बाजूंचे आवाज बरोबर डोक्यावर येऊन मिळतात. ती जागा तुम्ही घ्या. भीती वाटली की लोक डोळे मिटतात, आणि तिथेच फसतात, कारण डोळे मिटल्यावर उरतो फक्त आवाज, आणि दचकवण्याचं काम मुळात आवाजच करत असतो. त्यांना सांगा, रातकिडे थांबल्यासारखे वाटले की दोन्ही कानांत बोटं घालायची आणि डोळे उघडे ठेवायचे. आवाजाशिवाय बघितलं की बरीचशी भुतं केस मोकळे सोडून घाईत निघालेल्या माणसासारखी दिसतात. हसू येईल त्यांना. फक्त पॉपकॉर्नचा डबा तेवढा वेळ तुम्ही धरा.